धुराड्याच्या दोन्ही अंगांना : प्रस्तावना

अमेरिकेतल्या जुन्या घराच्या बैठकीत फायरप्लेसच्या डाव्या-उजव्या अंगाला ज्या दोन पोकळ्या दिसतात, त्या कोणी हौसेने सोडलेल्या नसतात. विटांचं धुराडं जाडजूड असतं. आगीचा कोठा, त्याच्या पाठीमागची आणि बाजूंची वीट, वर धूर ओढून घेणारा गळा हे सगळं भिंतीच्या जाडीत मावत नाही. मग ते घराबाहेर तरी काढावं लागतं किंवा खोलीत पुढे तरी घ्यावं लागतं. खोलीत घेतलं की दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट खोलीची जागा आपोआप उरते. तिथे खुर्ची ठेवली तर निम्मी बाहेर येते आणि रिकामी ठेवली तर धूळ साठते. न्यू इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या सुतारांनी त्यावर सरळ उपाय केला. धुराड्याची सबंध भिंत लाकडाने मढवली आणि पोकळ्यांना झडपा लावून कपाटं करून टाकली. आपल्याकडच्या वाड्यांत भिंतीच्या जाडीत फडताळ बसवायचे, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की वाड्यात भिंत जाड असायची, तिथे धुराडं जाड.

त्या कपाटांत पुस्तकं आली ती बऱ्याच नंतर. पुढे धुराडी घराबाहेरच्या भिंतीला लागली, खोलीतल्या पोकळ्या उथळ झाल्या किंवा पार गेल्या, पण दोन्ही बाजूंची कपाटं काही गेली नाहीत. कारण संपलं तरी रिवाज राहिला. हा रिवाज शहाणपणाचा की नुसत्या सवयीचा, याचा निवाडा घराघरागणिक वेगळा होतो, आणि हे पुस्तक प्रामुख्याने त्या निवाड्याबद्दल आहे.

पुस्तकांची कपाटं हा घराच्या बांधकामाचाच भाग असावा, असं ठासून सांगणाऱ्यांत एक मोठं नाव ईडिथ व्हॉर्टन यांचं. कादंबरीकार म्हणून त्या गाजल्या त्या पुढे. १८९७ साली ऑग्डेन कॉडमन या वास्तुरचनाकाराबरोबर त्यांनी ‘द डेकोरेशन ऑफ हाउसेस’ हे पुस्तक लिहिलं. खोलीत आणून ठेवलेल्या सुट्या, नक्षीदार कपाटांपेक्षा भिंतीतच बसवलेल्या फळ्या त्यांना पसंत होत्या. पुस्तकांच्या रांगा हीच खोलीची सजावट, कपाटाने मध्ये मध्ये मिरवू नये, असा त्यांचा रोख. मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स इथे १९०२ साली त्यांनी ‘द माउंट’ हे स्वतःचं घर बांधलं. त्याच्या ग्रंथालयात ओकच्या तक्त्यांत बसवलेली कपाटं आजही बघता येतात. श्रीमंतांचं घर आहे, आपल्या आवाक्यातलं नव्हे. पण कपाटाची कड आणि भिंतीचा तक्ता यांच्यात सांधा कसा दिसू दिलेला नाही, ते बघण्यासाठी तरी तिथे जावं.

सामान्य माणसाच्या बैठकीत ही कल्पना आणली बंगल्याने. साधारण १९०५ ते १९३० या काळात अमेरिकाभर ठेंगण्या, पुढे रुंद ओसरी असलेल्या बंगल्यांची लाट आली. गुस्ताव्ह स्टिकली यांच्या ‘द क्राफ्ट्समन’ मासिकाने (१९०१ ते १९१६) घराचे नकाशे छापून आणि भिंतीत बसवलेल्या बाकांचा, कपाटांचा पुरस्कार करून मध्यमवर्गाची आवड घडवली. सीअर्स रोबक कंपनी तर १९०८ ते १९४० या काळात सबंध घराचं सामान रेल्वेच्या डब्यातून पाठवायची, आणि त्यांच्या कॅटलॉगात भिंतीतली पुस्तकाची कपाटंही असायची. एकट्या शिकागोत १९१० ते १९४० दरम्यान सुमारे ८०,००० विटांचे बंगले उभे राहिले. त्यातल्या कितीतरी घरांच्या बैठकीत एकच मांडणी दिसते: मध्ये फायरप्लेस, दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीची, काचेच्या झडपांची कपाटं, आणि त्यांच्या वर दोन लहान, रंगीत काचेच्या खिडक्या.

यात एक गंमत आहे. हे बंगले बांधले जात होते तेव्हा बहुतेकांच्या तळघरात भट्टी आलेली होती. ऊब तिच्याकडून मिळायची, फायरप्लेस पेटायची ती सणासुदीला किंवा पाहुणे आल्यावर. चुलीसारखी ती रोज धगधगत राहिली असती तर शेजारी कोणी पुस्तकं ठेवली नसती. फायरप्लेसचं काम गेलं, मान राहिला, आणि म्हणूनच पुस्तकांना तिच्याशेजारी जागा मिळाली. काचेच्या झडपाही नुसत्या शोभेच्या नव्हत्या. जळणाच्या धुरातला गंधक चामड्याच्या बांधणीचा भुगा करतो, हे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने १९०५ सालच्या अहवालात तपशिलाने मांडलं होतं. घर बांधणाऱ्या गवंड्याने तो अहवाल वाचला असेल असं नाही. पण पुस्तकावर बसलेली काजळी त्याच्या बायकोला रोज पुसावी लागत असणार.

आता मुद्द्यावर येतो. जुन्या घरात नवी कपाटं बसवू पाहणारा माणूस सहसा फळ्यांपासून सुरुवात करतो. किती पुस्तकं आहेत, किती फूट फळी लागेल, तळाशी कप्पे हवेत की ड्रॉवर, रंग पांढरा की लाकडी. माझं म्हणणं असं की हे सगळं दुसऱ्या दिवशी करावं. पहिला दिवस फायरप्लेसचा. कपाटाची निम्म्याहून अधिक मापं घराने आधीच ठरवून ठेवलेली असतात. आपलं काम ती शोधायचं.

मँटेलच्या, म्हणजे फायरप्लेसभोवतीच्या चौकटीच्या, वरच्या फळीची उंची हे त्यातलं पहिलं माप. जमिनीपासून ती बहुधा साडेचार फुटांच्या आसपास असते. शेजारच्या कपाटाचा माथा तिच्याशी एकतर तंतोतंत जुळला पाहिजे किंवा उघड उघड वेगळा असला पाहिजे. दोन इंचांचा फरक हा सर्वांत वाईट, कारण बघणाऱ्याला तो चूक वाटतो, हेतू वाटत नाही. त्यानंतर खिडकीच्या उंबऱ्याची रेघ, दारांच्या चौकटींचा माथा, चित्रं टांगण्यासाठी भिंतीवर फिरवलेली लाकडी पट्टी, आणि तळाचा बेसबोर्ड. जुन्या घरात बेसबोर्ड आठ-दहा इंच उंच असतो. दुकानात मिळणाऱ्या कपाटाचा पाया चार इंचांचा. तो तसाच बेसबोर्डाला भिडवला की कपाट भाड्याने आणल्यासारखं दिसतं. बेसबोर्ड कपाटाच्या अंगावरून त्याच उंचीने पुढे फिरवून नेला, तर तेच कपाट घराबरोबर जन्मल्यासारखं दिसतं. खर्च एका लांब पट्टीचा.

बंगल्यात कपाटं ठेंगणी का, याचं उत्तरही या रेघांतच आहे. छत आठ-नऊ फुटांचं, वर खिडक्या, आणि सगळ्या घराचा कल आडव्या रेघांकडे. तिथे जमिनीपासून छतापर्यंत फळ्या चढवल्या की खोली आक्रसते आणि खिडक्या बुजतात. हल्ली मासिकांतली चित्रं बघून लोक नेमकं हेच करतात. त्याउलट जॉर्जियन वळणाच्या, उंच छताच्या घरात छताला भिडणारं कपाट शोभतं. तिथे ठेंगणं कपाट पोरकं वाटतं. उंच की ठेंगणं हा आवडीचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. घराला विचारावं, ते सांगतं.

जुळणी बघताना लाकूडही ओळखावं लागतं. स्टिकलींच्या परंपरेतला ओक अमोनियाच्या वाफेत ठेवून रंगवलेला असतो. वाफ लाकडातल्या टॅनिनशी संयोग पावते आणि तपकिरी रंग आतपर्यंत मुरतो. वरून फासलेल्या रंगाने त्याची बरोबरी होत नाही. साध्या घरांत मँटेल ओकचं नसतंच. फर, बर्च किंवा गमवूडला ओकचा रंग दिलेला असतो. एखाद्या बिजागरीखाली, झाकलेल्या कोपऱ्यात बघितलं की खरं लाकूड कळतं.

उष्णतेच्या बाबतीत मात्र घराचं ऐकून चालत नाही, नियमांचं ऐकावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने मँटेलचे लाकडी खांब आगीच्या तोंडाला जवळजवळ चिकटवलेले सापडतात. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेनुसार आगीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड चालतं, पण तोंडापासून जितके इंच दूर, तितके अष्टमांश इंच इतकंच ते पुढे येऊ शकतं. म्हणजे ८ इंचांवरची पट्टी फार तर १ इंच पुढे. दहा-बारा इंच खोल कपाट म्हटल्यावर ते १२ इंचांच्या बाहेरच जायला हवं. भिंतीच्या पोटात दडलेल्या लाकडी चौकटीसाठी आणखी वेगळा हिशेब आहे: धुराड्याच्या विटांच्या समोरून आणि बाजूंनी २ इंच, मागून ४ इंच मोकळी जागा. फायरप्लेसपुढचा दगडी किंवा विटांचा ओटा बाजूंना निदान ८ इंच जातो, तोंड मोठं असेल तर १२ इंच. त्यावर कपाटाचा पाया चढवायचा नाही. गॅसचा किंवा लाकडाचा तयार स्टोव्ह आत बसवला असेल तर त्याच्या माहितीपुस्तकातली अंतरं पाळायची. गावागणिक नियम थोडेफार बदलतात, म्हणून नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात एक फेरी हवीच.

हे आकडे कोणा कारकुनाने घाबरवण्यासाठी काढलेले नाहीत. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून बदलत जातं आणि मूळपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. त्यामुळे ‘चाळीस वर्षांत काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. आणि जुन्या धुराड्यांत मातीच्या नळ्यांचं अस्तर बरेचदा नसतंच. विटांमधला चुना झडलेला असतो आणि ठिणगीला वाट मिळते. घर विकत घेताना आत कॅमेरा सोडून धुराड्याची दुसऱ्या पातळीची तपासणी करून घ्यावी, असं अग्निसुरक्षेचं ‘एनएफपीए २११’ हे मानक सांगतं. कपाटाचं काम काढण्याआधी तो अहवाल हातात असावा. अहवाल वाईट निघाला तर कपाटाचे पैसे धुराड्यात घालावेत.

आता फळी. वाचणारी माणसं पुस्तकाच्या वजनाचा अंदाज नेहमी कमी धरतात. साधी पुस्तकं फळीच्या दर फुटाला २० ते २५ पाउंड भरतात, म्हणजे तीन फुटांच्या फळीवर तीसेक किलो सहज. फळीला झोळ किती येणार हे लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. दोन फुटांची फळी तीन फूट केली तर झोळ दीडपट नाही, पाचपट होतो. जाडी वाढवली तर फायदा तिसऱ्या घाताने मिळतो. पाऊण इंचाची फळी एक इंच केली की झोळ निम्म्याहून खाली येतो. याहून स्वस्त उपाय म्हणजे फळीच्या पुढच्या कडेला खालून दीड इंच उंचीची ओकची पट्टी. पाऊण इंच प्लायवूडला अशी पट्टी लावली तर अडीच फुटांपर्यंत निर्धास्त राहावं. एमडीएफची फळी त्याच मापात पहिल्या हिवाळ्यात सरळ दिसते आणि दुसऱ्यात हसू लागते. ती रंगवायला फार गुळगुळीत म्हणून सुतारांना आवडते. झडपांना वापरा, फळ्यांना नको.

मराठी घरातल्या पुस्तकांचा विचार कुठल्याही अमेरिकी मार्गदर्शिकेत नसतो, म्हणून तो इथे जरा सविस्तर केला आहे. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. त्यांना बारा इंच खोल फळी दिली की पुढे सहा इंच रिकामे राहतात, तिथे किल्ल्या, औषधाच्या बाटल्या आणि गणपतीतली आरतीची पुस्तिका येऊन बसते, आणि मागची पुस्तकं वर्षभर दिसत नाहीत. आठ इंच खोली आणि साडेनऊ इंच उंची पुरते. दिवाळी अंक हा वेगळाच प्राणी. आकाराने मोठे, अंगाने लवचीक. उभे केले की कमरेत वाकतात. त्यांना आडवं ठेवायला चार-पाच इंच उंचीचे कप्पे करावेत, एका कप्प्यात एका वर्षाचे अंक. पोथ्या तर आडव्याच ठेवायच्या असतात, त्यासाठी मँटेलच्या पातळीला एक उथळ ड्रॉवर छान होतो. विश्वकोशाचे खंड सर्वांत खाली, फळीवर नव्हे तर थेट पायाच्या चौकटीवर. कसर तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात तुलनेने कमी त्रास देते. तिथे त्रास कोरडेपणाचाच. पुस्तकांना साधारण ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, आणि भट्टी चालू झाली की जुन्या घरातली हवा त्याच्याही खाली जाते. जुन्या बांधणीची, चामड्याच्या पाठीची पुस्तकं असतील तर ती आगीपासून सर्वांत लांबच्या कप्प्यात ठेवावीत. तिथे भिंतीच्या कडेला गरम हवेची जाळी नाही ना, तेही बघावं. कारण ती बहुधा नेमकी तिथेच असते. बुजवायची नाही, कपाटाच्या पायातून हवा पुढे काढणारी जाळी करता येते, त्याचा नकाशा चौथ्या प्रकरणात आहे.

आणि आता ओळंबा. जुन्या घरात काटकोन नसतो. पोकळीच्या मागच्या भिंतीवर ओळंबा सोडला तर जमिनीपाशी तो गिलाव्याला टेकलेला असतो आणि छातीच्या उंचीवर बोटभर सुटलेला. पाणसळ जमिनीवर ठेवली तर बुडबुडा एका अंगाला पळतो. डावी पोकळी उजवीपेक्षा पाऊण इंच रुंद निघते. याला इलाज कपाट वाकडं करण्याचा नाही. कपाट काटकोनात, सरळ बनवायचं आणि पोकळीपेक्षा इंचभर अरुंद ठेवायचं. मग कडेला एक रुंद पट्टी घ्यायची, ती भिंतीशी धरून कंपासात पेन्सिल अडकवायची, आणि कंपासाचा टोकदार पाय भिंतीवरून खाली ओढत न्यायचा. भिंतीचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक खळगा पट्टीवर उमटतो. त्या रेघेपर्यंत रंध्याने उतरवत आणायची, मागची कड थोडी आत कापायची. पट्टी बसली की भिंत सरळ असल्याचा भास होतो. हे काम चांगला सुतार तासाभरात करतो आणि त्याचे पैसे वेगळे मागतो, ते द्यावेत.

डाव्या-उजव्या पोकळ्यांची रुंदी वेगळी असेल तर लोक कासावीस होतात. मला विचाराल तर झडपांच्या उभ्या पट्ट्या आणि फळ्यांच्या उंच्या दोन्हीकडे सारख्या ठेवाव्यात आणि रुंदीचा फरक तसाच राहू द्यावा. डोळा आडव्या रेघा जुळवतो, रुंदी मोजत बसत नाही. रुंद बाजूला खोटा खांब घालून जागा खाणं हा पुस्तकांवर अन्याय.

टीव्हीचं काय, हा प्रश्न येणारच. फायरप्लेसच्या वर टीव्ही लावण्याची पद्धत मला मान्य नाही. बघणाऱ्याची मान दुखते, आग पेटली की यंत्राला झळ लागते, आणि मँटेलची रेघ, जिच्यावर सगळी रचना उभी केली, ती त्या काळ्या चौकोनापुढे निष्प्रभ होते. घरात टीव्ही लागतोच. तो एका बाजूच्या कपाटात, झडपेआड ठेवायची सोय सहाव्या प्रकरणात दाखवली आहे. त्या बाजूची पुस्तकं कमी होतात, हे खरं.

दोन सावधगिऱ्या थोडक्यात. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली, म्हणजे आपण बोलतोय त्या प्रत्येक घरात जुन्या मँटेलवर शिशाचा थर असणार असं धरून चालावं. तो कोरडा घासू नये. घरात लहान मूल असेल तर प्रमाणित कंत्राटदारच बोलवावा. दुसरं, कपाटामागे विजेची पेटी किंवा जोडणी कायमची बंद करता येत नाही. जुन्या घरांत चिनीमातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या तारा अजून चालू सापडतात. भिंत उघडलीच आहे तर त्या बदलून घ्याव्यात.

हे पुस्तक अमेरिकेतल्या घरांबद्दल आहे. लंडनच्या आसपास व्हिक्टोरियन काळातल्या ओळीच्या घरांत राहणाऱ्या वाचकांना पोकळ्यांबद्दलचा बराचसा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल. तिथे तर जवळपास प्रत्येक खोलीत धुराडं पुढे आलेलं असतं. डिसेंबर १९५२च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि पुढे तिथल्या कितीतरी फायरप्लेस फळ्या ठोकून बंद झाल्या. बंद धुराड्याला हवेची जाळी ठेवली नसेल तर आत ओल धरते आणि शेजारच्या फळीवरच्या पुस्तकांना बुरशी येते, हे तिथल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. नियमांची प्रकरणं मात्र त्यांनी सोडून द्यावीत. त्यांचे नियम वेगळे आहेत.

सगळी मापं इंचांत दिली आहेत, कारण तिथली लाकडाची वखार इंचांतच बोलते. पहिलं प्रकरण उघडण्याआधी वीस फुटी टेप, ओळंबा, पाणसळ आणि जाड कागद जवळ घ्यावा. दोन्ही पोकळ्यांची रुंदी तीन ठिकाणी मोजावी: बेसबोर्डच्या वर, मँटेलच्या पातळीला आणि छताखाली. खोलीही तशीच तीनदा. प्रत्येक पोकळीचे आकडे एकाखाली एक लिहावेत आणि त्यातला सर्वांत लहान आकडा लाल पेन्सिलीने गोल करावा. दुसऱ्या प्रकरणातले सगळे नकाशे त्या आकड्यापासून सुरू होतात.